धान्याऐवजी रोकड : स्थित्यंतराचा भार कोणी सोसायचा?

सरकारे बदलतात, घोषणा बदलतात, पण एक सवय कोणत्याही सरकारला सोडवत नाही. गरिबाच्या पदरात काही टाकायचे असेल तर त्याचा गाजावाजा करावयाचा, आणि पदरातले काही काढून घ्यावयाचे असेल तर ते 'सुधारणा' या नावाखाली, शक्यतो शासकीय परिपत्रकाच्या दुर्बोध भाषेत, गुपचूप उरकावयाचे. महाराष्ट्रातील चौदा जिल्ह्यांमधील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांच्या बाबतीत २०२३ साली जे घडले ते या सवयीचेच उदाहरण होय. या घटनेची वृत्तपत्रांनी व्हावी तेवढी दखल घेतली नाही. आपल्यापैकी अनेक कार्यकर्त्यांनीही ती घेतली नाही, हे प्रथम कबूल केले पाहिजे. म्हणूनच हा विषय येथे थोड्या विस्ताराने मांडावयाचा आहे.

मूळ हकिकत अशी. अन्नसुरक्षेचा कायदा २०१३ साली झाला आणि महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी १ फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाली. या कायद्याखाली राज्यातील सुमारे सात कोटी माणसे आली. उरलेली केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबे कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. त्यांत कर्जबाजारी, कोरडवाहू शेतकऱ्यांची मोठी संख्या होती. मराठवाड्याचे आठ जिल्हे, अमरावती विभागाचे पाच आणि नागपूर विभागातील वर्धा, अशा चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी कळस गाठला होता. तेव्हा राज्य सरकारने २०१५ साली या जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना दरमहा माणशी पाच किलो धान्य, गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो या दराने देण्याचा निर्णय केला. सात वर्षे हे धान्य मिळत होते. २०२२ साली केंद्राकडून असे कळविण्यात आले की, कायद्याबाहेरच्या या योजनेसाठी यापुढे गहू-तांदूळ उपलब्ध होणार नाही. त्यावर राज्य सरकारने शोधलेला तोडगा म्हणजे २८ फेब्रुवारी २०२३ चा शासन निर्णय. जानेवारी २०२३ पासून धान्य बंद, आणि त्याऐवजी दरमहा माणशी १५० रुपये थेट बँकेच्या खात्यात. २०२४ साली ही रक्कम १७० रुपये करण्यात आली.

वरवर पाहता यात आक्षेप घेण्याजोगे काय आहे, असे कोणीही विचारील. धान्य न मिळाले तर पैसे मिळाले. पैशाने धान्य विकत घेता येते. मध्यमवर्गीय वाचकाला हा हिशेब चोख वाटतो, कारण त्याच्या आयुष्यात पैसा आणि धान्य यांच्यामधले अंतर कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानाएवढेच असते. परंतु हिंगोली किंवा वाशीम जिल्ह्यातील एखाद्या आडवळणाच्या गावात हे अंतर किती असते, ते तपासल्याविना या व्यवहाराचे खरे स्वरूप ध्यानात यावयाचे नाही.

पाच माणसांचा हिशेब

असे एक कुटुंब डोळ्यांसमोर आणू. नवराबायको, दोन मुले आणि म्हातारी आई, असे पाच जीव. तीन एकर कोरडवाहू जमीन. तीत सोयाबीन आणि कापूस, म्हणजे घरात खाण्याजोगे पीक नाहीच. जुन्या व्यवस्थेत या घराला महिन्याला पंचवीस किलो धान्य मिळे आणि त्यासाठी पन्नास ते पंचाहत्तर रुपये मोजावे लागत. बाजारात गव्हाचा भाव काय आहे, याची या घराला निदान या पंचवीस किलोंपुरती फिकीर नव्हती. भाव वाढला तर त्याचा भार सरकारवर पडे.

आता त्याच घराला दरमहा ८५० रुपये मिळावयाचे आहेत. म्हणजे किलोमागे ३४ रुपये. बाजारात धान्य त्या भावाने मिळाले तर ठीक. किलोमागे एक रुपया वाढला की घराला महिन्याला पंचवीस आणि वर्षाला तीनशे रुपयांचा खड्डा पडला. भाववाढीचे ओझे सरकारच्या खांद्यावरून उतरून त्या म्हातारीच्या ताटात जाऊन बसले, एवढाच या 'सुधारणे'चा अर्थशास्त्रीय आशय आहे. केंद्र सरकार गव्हाचा हमीभाव दरवर्षी जाहीर करते. २०२३-२४ च्या हंगामासाठी तो क्विंटलला २,१२५ रुपये होता, २०२४-२५ साठी २,२७५, २०२५-२६ साठी २,४२५ आणि २०२६-२७ साठी २,५८५. तीन वर्षांत साडेएकवीस टक्क्यांची वाढ. शेतकऱ्याला भाव मिळावा ही आपलीच मागणी असल्याने या वाढीबद्दल आपली तक्रार असण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती ही की, सरकार स्वतः ज्या धान्याचा भाव दरवर्षी वाढवून जाहीर करते, त्याच धान्याच्या बदल्यात द्यावयाची रक्कम मात्र त्याने कोणत्याही भावाशी बांधून घेतलेली नाही. ती वाढेल तेव्हा नव्या शासन निर्णयाने वाढेल. तो निघेल की नाही, हे मंत्रालयातील एखाद्या टेबलावर ठरेल. पाच किलो हे नेहमी पाच किलोच राहतात. १७० रुपये मात्र दर महिन्याला थोडेथोडे आटत असतात.

हिशेबाची दुसरी बाजू वेळेची आहे. धान्य दुकानात आले की गावाला कळते. आले नाही तर तेही कळते. चार बायका दुकानदाराला जाब विचारतात, त्याने दाद दिली नाही तर तहसीलवर मोर्चा नेता येतो. पैसे आले नाहीत तर जाब कोणाला विचारावयाचा? रास्त भावाचा दुकानदार म्हणतो, माझा संबंध संपला. बँकेतला कारकून म्हणतो, वरून आले नाहीत. तहसीलचा पुरवठा विभाग म्हणतो, आम्ही यादी पाठविली आहे, तुमचे खाते आधारशी जोडलेले आहे का ते पाहा. दोन महिन्यांची रक्कम थकली तर या पाच माणसांच्या घराला १,७०० रुपये पदरचे उभे करावे लागतात. ते पदरी असते तर त्या घराला योजनेची गरज काय होती? म्हणजे वाण्याची उधारी आली, आणि उधारीबरोबर वाणी सांगेल तो भाव आला. खाजगी सावकारीच्या विळख्यातून सोडविण्यासाठी ज्या शेतकऱ्यांना स्वस्त धान्य देण्यात आले, त्यांनाच महिन्याच्या धान्यासाठी पुन्हा उधारीच्या दारात उभे करण्यात आले.

नगडीच्या लोकांनी काय सांगितले

हे सर्व केवळ तर्काने मांडलेले आहे, अशी शंका कोणाला येईल. अनुभवाचा पुरावाही उपलब्ध आहे आणि तो याच देशातला आहे. झारखंडमध्ये रांचीजवळच्या नगडी तालुक्यात ऑक्टोबर २०१७ पासून एक प्रयोग करण्यात आला. तोपर्यंत तेथील लोकांना रेशनवर तांदूळ एक रुपया किलोने मिळत असे. प्रयोगात असे ठरले की, किलोमागे ३१ रुपये सरकार बँकेत जमा करील. लोकांनी ते काढून आणावेत, त्यांत आपला एक रुपया घालावा आणि त्याच दुकानातून तोच तांदूळ ३२ रुपये किलोने विकत घ्यावा. म्हणजे दुकान तेच, तांदूळ तोच, माणूस तोच. मध्ये फक्त बँकेची फेरी वाढली. ती फेरी किती महाग पडली, हे ज्याँ द्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ च्या आरंभी केलेल्या पाहणीतून पुढे आले. पैसे जमा झाले की नाहीत हे पाहण्यासाठी एक फेरी, ते काढण्यासाठी दुसरी, दुकानापर्यंत तिसरी. रांगेत गेलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. पाहणीतील ९७ टक्के कुटुंबांनी ही नवी पद्धत नको, जुनी परत द्या, असे सांगितले. २६ फेब्रुवारी २०१८ रोजी नगडीचे लोक रांचीवर चालून गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारला हा प्रयोग गुंडाळावा लागला.

नगडीची ही गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांनी गावोगाव सांगितली पाहिजे. तिच्यात पराभूतांचे रडगाणे नाही. निरक्षर म्हणून ज्यांची गणना होते त्या आदिवासी आणि शेतकरी स्त्रीपुरुषांनी दिल्लीतल्या पंडितांचा सिद्धांत दहा महिन्यांत खोटा ठरविला.

दुसरा अनुभव केंद्रशासित प्रदेशांचा आहे. चंडीगड आणि पुदुच्चेरी येथे सप्टेंबर २०१५ पासून धान्याऐवजी रोख रक्कम देण्यास सुरुवात झाली. सुरुवातीच्या महिन्यांत अनेकांना पैसे मिळाले नाहीत. काहींना ते मिळाले की नाही हेच कळले नाही. पुढे यंत्रणा काही अंशी सुधारली, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. पण तोवर रेशनची दुकाने बंद पडली होती. पुदुच्चेरीत तांदूळ द्यावा की पैसे, या प्रश्नावर लोकनियुक्त सरकार आणि उपराज्यपाल यांच्यात वर्षानुवर्षे झगडा चालला, आणि अखेर २०२४ साली बंद दुकाने पुन्हा उघडून तांदूळवाटप सुरू करावे लागले. एकदा मोडलेली व्यवस्था पुन्हा उभी करावयाला किती वर्षे लागतात, ते यावरून दिसते. दुकान म्हणजे चार भिंती नव्हेत. दुकानाच्या पाठीमागे गोदाम असते, गोदामाच्या पाठीमागे वाहतूक, वाहतुकीच्या पाठीमागे सरकारी खरेदी, आणि त्या खरेदीच्या बळावर शेतकऱ्याचा हमीभाव उभा असतो. जे सरकार धान्य वाटणार नाही, ते धान्य खरेदी तरी कशासाठी करील? धान्याऐवजी रोकड घेण्यात खाणाऱ्याचे जितके नुकसान आहे तितकेच पिकविणाऱ्याचेही आहे, आणि आपल्या चौदा जिल्ह्यांत तर खाणारा आणि पिकविणारा एकच आहे.

तिसरा दाखला गॅसच्या सिलिंडरचा. अनुदान सिलिंडरच्या किमतीतून वजा न करता ग्राहकाच्या खात्यात जमा करण्याची पद्धत जानेवारी २०१५ पासून देशभर लागू झाली. 'तुमचे पैसे तुमच्या खात्यात' असे त्या वेळी सांगण्यात आले. २०२० च्या उन्हाळ्यात जागतिक बाजारात भाव कोसळले तेव्हा हे अनुदान शून्यावर आले. पुढे भाव चढले, सिलिंडर हजार रुपयांच्या घरात गेला, पण सर्वसामान्य ग्राहकाचे अनुदान काही परत आले नाही. उज्ज्वला योजनेतील जोडण्यांना २०२२ पासून दोनशे आणि २०२३ पासून तीनशे रुपये देण्यात आले. बाकीच्यांच्या खात्यांत नुसती शांतता. कोणताही कायदा रद्द झाला नाही, संसदेत मतदान झाले नाही, कोणी राजीनामा दिला नाही. जे अनुदान किमतीत दिसत होते ते प्रथम खात्यात नेले आणि मग खात्यातून नाहीसे केले. सिलिंडरची किंमत एका रात्रीत दुप्पट केली असती तर देशात वणवा पेटला असता. खात्यातली रक्कम आटली तेव्हा प्रत्येकाने आपापल्या घरी, एकेकट्याने ती सोसली.

विलायतेतील धडा

हे सर्व आपल्या मागासलेल्या बँकांमुळे आणि निरक्षरतेमुळे घडते, प्रगत देशांत असे होत नाही, असा एक समज सुशिक्षितांत आहे. त्यांनी ब्रिटनकडे पाहावे. १९४२ सालच्या बेव्हरिज अहवालातून ज्या देशात कल्याणकारी राज्याचा पाया घातला गेला, त्या देशात २०१२ साली कायदा करून सहा निरनिराळे जुने लाभ एकत्र करण्याचे ठरले. बेकारी भत्ता, आजारपणाचा भत्ता, उत्पन्नपूरक मदत, घरभाड्याची मदत, मुलांसाठीची आणि कमी पगाराच्या कामगारांसाठीची करसवलत, या साऱ्यांच्या जागी 'युनिव्हर्सल क्रेडिट' नावाचा एकच मासिक लाभ आणावयाचा होता. एप्रिल २०१३ मध्ये अॅश्टन-अंडर-लाइन या गावातून सुरुवात झाली. चार वर्षांत हे काम संपेल असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात दशक उलटून गेले तरी ते संपले नव्हते.

कल्पना म्हणून पाहिले तर तीत वाईट काय होते? सहा खिडक्यांऐवजी एक खिडकी, ही मागणी कोणीही समाजवादी उचलून धरील. पण या एका खिडकीसमोर पहिली रक्कम हाती पडण्यास प्रारंभी सहा आठवडे आणि फेब्रुवारी २०१८ नंतर पाच आठवडे थांबणे भाग पडू लागले. तोवर काय खावयाचे? तर सरकारकडून आगाऊ रक्कम घ्यावयाची आणि पुढच्या लाभातून ती फेडीत बसावयाचे. म्हणजे गरिबाने नव्या व्यवस्थेत पाऊल टाकले ते कर्ज घेऊनच. घरभाडे थकले, आणि धर्मादाय संस्थांच्या अन्नपेढ्यांपुढील रांगा वाढल्या. जुने लाभ घेणाऱ्यांना नंतर नोटिसा धाडण्यात आल्या: तीन महिन्यांत नव्या लाभासाठी अर्ज करा, नाही तर जुना लाभ बंद. लाभ आपोआप नव्या व्यवस्थेत वर्ग करण्याची जबाबदारी सरकारने घेतली नाही. ती ज्याच्या पोटाचा प्रश्न होता त्याच्यावर टाकली. नोटिशीनंतर अर्जच न केल्यामुळे ज्यांचा जुना लाभ गेला आणि नवा मिळाला नाही, अशांची संख्या लाखांत मोजावी लागते. करसवलतीचे जुने लाभ ५ एप्रिल २०२५ रोजी कायमचे बंद झाले. जेथे जवळजवळ प्रत्येकाचे बँकेत खाते आहे आणि प्रत्येकाला लिहितावाचता येते, त्या देशातले हे चित्र आहे. तेव्हा दोष निरक्षरतेचा नाही. जुन्याकडून नव्याकडे जाताना मधली दरी कोणी ओलांडावयाची, या प्रश्नाचे उत्तर सरकारे एकाच पद्धतीने देतात, हा दोष आहे.

रोखीला आपला विरोध आहे काय?

येथे आपल्याच गोटातील काही मित्रांचे म्हणणे विचारात घेतले पाहिजे. ते म्हणतात, रेशनव्यवस्थेचे एवढे गोडवे गाण्यासारखे तीत काय आहे? काळाबाजार, खोटी कार्डे, मापात मारणे, किडका गहू, दुकानदाराची अरेरावी, हे सारे आपणच वेशीवर टांगले नव्हते काय? शिवाय मराठवाड्याचा माणूस जोंधळ्याची भाकरी खाणारा. त्याच्या गळी पंजाबचा गहू उतरविण्यापेक्षा त्याला पैसे द्या, तो आपल्या आवडीची ज्वारी घेईल. गरिबाने काय खावे हे सरकारने का ठरवावे?

हा युक्तिवाद उडवून लावण्याजोगा नाही. रेशनमधील भ्रष्टाचाराविरुद्ध लढण्यात आपल्या चळवळीची उमेद गेली आहे. १९७२ पासूनच्या महागाईविरोधी आंदोलनात मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्यासमवेत मुंबईच्या हजारो स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्या रेशनवरच्या तेलासाठी, साखरेसाठी, रॉकेलसाठीच. पण त्या स्त्रियांची मागणी काय होती, ते नीट आठवावे. दुकान बंद करा आणि आम्हाला पैसे द्या, असे त्या म्हणत नव्हत्या. माल वेळेवर आणा, पुरेसा आणा, आणि योग्य भावाने द्या, असे त्या म्हणत होत्या. व्यवस्था सुधारावी यासाठी त्या भांडल्या. त्या भांडणाचा दाखला देऊन व्यवस्थाच मोडणे म्हणजे शाळेत शिक्षक वेळेवर येत नाहीत म्हणून शाळेचे छप्पर उतरवून नेण्यासारखे आहे.

ज्वारीचा मुद्दा तर आपल्याच बाजूने जातो. ज्वारी हवी असेल तर सरकारने ज्वारी खरेदी करावी आणि ज्वारी द्यावी. हमीभावाने भरडधान्य खरेदी करण्याची योजना राज्यात आहेच. केंद्राने २०२२ साली गहू-तांदूळ नाकारला तेव्हा राज्य सरकारला असे म्हणता आले असते की, ठीक आहे, आम्ही आमच्या शेतकऱ्याची ज्वारी घेऊ आणि आमच्याच शेतकऱ्याला देऊ. कापूस-सोयाबीनच्या मागे लागून ज्वारीचे क्षेत्र घटत गेलेल्या भागात त्या निर्णयाने एक नवी दिशा लागली असती. सरकारने तो खटाटोप केला नाही. खात्यात रक्कम टाकणे सोपे होते.

आणि रोख रकमेला आपला तत्त्वतः विरोध नाही, हेही स्पष्ट व्हावे. निराधार विधवेचे अनुदान, म्हाताऱ्याचे निवृत्तिवेतन, बाळंतिणीची मदत ही रोखच असली पाहिजेत, आणि आज आहेत त्याहून पुष्कळ अधिक असली पाहिजेत. स्त्रीच्या नावावर पैसे जमा होणे ही तर घरातल्या सत्तेची वाटणी बदलणारी गोष्ट आहे. परंतु रोख रक्कम धान्याच्या जोडीला येते तेव्हा ती गरिबाचे बळ वाढविते. धान्याच्या जागी येते तेव्हा ती सरकारची सुटका करते. या दोहोंतला फरक ज्याला कळला नाही, त्याची दिशाभूल करणे सोपे असते. ऑगस्ट २०२४ पासून बहिणींच्या खात्यांत महिन्याचे दीड हजार रुपये जमा होऊ लागले तेव्हा अर्जांची छाननी कोणी फारशी केली नाही. निवडणूक तोंडावर होती. निवडणूक पार पडली, आणि मग पात्रतेच्या चाळण्या लागल्या, सप्टेंबर २०२५ मध्ये ओळख-पडताळणीची सक्ती आली. कायद्याचा आधार नसलेला लाभ असा भरतीओहोटीसारखा येतो-जातो.

या चर्चेचे मर्म येथेच आहे. चौदा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचे धान्य एवढ्या सहजतेने का गेले? कारण ते शासन निर्णयाने आले होते. शासन निर्णयानेच ते गेले. शेजारच्याच घरातील अन्नसुरक्षा कायद्याखालच्या कुटुंबाला पाच किलो धान्य मिळतच राहिले, कारण त्याच्या पाठीशी संसदेचा कायदा होता. त्या कायद्यात तक्रार ऐकणारा जिल्हा अधिकारी आहे, राज्य अन्न आयोग आहे, दक्षता समित्या आहेत, सामाजिक अंकेक्षणाची तरतूद आहे. हे सारे कागदावरच राहते अशी तक्रार योग्यच आहे. पण कागदावर असते म्हणून त्यासाठी भांडता तरी येते. एकाच गल्लीत एकाला हक्क आणि दुसऱ्याला मेहेरबानी, ही विषमता ज्या पायावर उभी आहे तो पायाही तपासला पाहिजे. रेशनमधील सर्वांना समान हक्क १९९७ साली मोडला आणि माणसांची विभागणी दारिद्र्यरेषेच्या वर आणि खाली अशी झाली; महाराष्ट्रात १९९९ साली पिवळी, केशरी, पांढरी असे रंग आले. वर्गवारी एकदा स्वीकारली की मधल्या रंगाला कोणत्याही दिवशी वाऱ्यावर सोडता येते. २०२२-२३ मध्ये नेमके तेच झाले. पुढे कायद्याखालच्या कुटुंबांची पाळी येणार नाही याची हमी कोणी द्यावी? धान्याऐवजी रोख रक्कम देण्याची वाट त्या कायद्याच्या बाराव्या कलमातच, सुधारणांच्या यादीत, मोकळी ठेवलेली आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे

केवळ निषेधाचा ठराव करून आपले कर्तव्य संपत नाही. जुन्या लाभाकडून नव्या लाभाकडे नेणारी कोणतीही योजना पुढे आली, मग ती धान्याची असो, निवृत्तिवेतनाची असो वा मजुरीची, तर तिला लावावयाच्या काही कसोट्या आपण निश्चित केल्या पाहिजेत.

पहिली कसोटी : नवा लाभ प्रत्यक्ष हाती पडत आहे हे सिद्ध होईपर्यंत जुना लाभ एक दिवसही बंद होता कामा नये. पूल बांधून झाल्यावर नाव मोडावी. आधी नाव मोडून मग पुलाची पायाभरणी करावयाची, हा शहाणपणा गरिबाच्या जिवावर उठणारा आहे.

दुसरी : रोख रक्कम बाजारभावाशी बांधलेली असावी आणि ती वाढ आपोआप व्हावी. ज्या सरकारी नोकराला महागाईभत्ता मिळतो तोच ही फाइल लिहितो. मग शेतकऱ्याच्या १७० रुपयांना महागाईभत्ता का नसावा?

तिसरी : निवड माणसाची असावी. ज्याला धान्य हवे त्याला धान्य, ज्याला रोख हवी त्याला रोख, आणि हा निर्णय ग्रामसभेत, सर्वांसमक्ष, पुन्हा बदलण्याच्या मुभेसह व्हावा. न विचारता दिलेल्या स्वातंत्र्याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत.

चौथी : यंत्रणेची चूक माणसाच्या माथी मारली जाऊ नये. खाते जोडले गेले नाही, अंगठा उमटला नाही, नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक पडला, आधारशी शेवटी जोडलेल्या भलत्याच खात्यात रक्कम गेली, या कारणांनी कोणाचाही लाभ थांबू नये. चूक सुधारण्याची जबाबदारी आणि तोवरची भरपाई सरकारची.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची : लाभ कायद्याने मिळावा. जो लाभ कायद्यात नाही तो पुढच्या अधिवेशनापर्यंतचा पाहुणा समजावा.

चौदा जिल्ह्यांतील आपल्या शाखांनी आधी एक साधे काम हाती घ्यावे. प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावातील वीस केशरी कार्डधारक शेतकरी कुटुंबांकडे जावे आणि चार प्रश्न विचारावेत. शेवटची रक्कम कोणत्या महिन्याची मिळाली? ती किती होती? ती काढण्यासाठी किती फेऱ्या आणि किती भाडे लागले? आणि धान्य व रोख यांपैकी तुम्हाला काय हवे? उत्तरे जशी येतील तशी लिहावीत. आपल्या मताला प्रतिकूल आली तरी लिहावीत. काही घरांत रोख रक्कमच बरी असेही ऐकावयास मिळेल, आणि त्याची कारणे समजून घेणे हा आपल्याही शिक्षणाचा भाग आहे. नगडीच्या पाहणीने जे साधले ते याच मार्गाने साधले. माहिती हाती असलेल्या पन्नास माणसांचा मोर्चा तहसीलदाराला जेवढा जड जातो तेवढा घोषणा देणाऱ्या पाचशेंचा जात नाही.

१९७२ च्या दुष्काळात याच मराठवाड्याने लाल मिलो खाल्ला, सुकडी खाल्ली, खडी फोडली. त्या खडीवरच्या लढ्यातून 'मागेल त्याला काम' हे तत्त्व पुढे आले आणि १९७७ साली त्याचा कायदा झाला. मदतीची भीक म्हणून जे सुरू झाले होते ते लोकांनी हक्काच्या पदवीला नेले. आज प्रवास उलट्या दिशेने चालला आहे. हक्काच्या उंबरठ्यावर आलेली वस्तू पुन्हा मदत म्हणून, आणि तीही मोजून-मापून, खात्यात टाकली जात आहे. ही दिशा पालटावयाची तर सुरुवात त्या वीस घरांपासून झाली पाहिजे. पुढचा महिना उजाडण्यापूर्वी ती व्हावी, कारण धान्याच्या डब्याचा तळ दर महिन्याला लागतो.